आंबागडचा कैदखाना, चोवीस तासांचं कलम आणि भंडाऱ्यात हरलेले बाबासाहेब

आंबागड (ता. तुमसर) : किल्ल्यावर फिरायला येणाऱ्या पोरांना जुनी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात. गोंड राजा बख्त बुलंद शाहाचा सुभेदार राजा खान पठाण याने १७०० च्या सुमारास बांधलेला हा किल्ला पुढे नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्याचा कैदखाना झाला. कैद्यांना आतल्या विहिरीचं सडलेलं पाणी प्यावं लागे आणि त्यातच ते मरत, असं सांगतात. त्या काळात राजाचा हुकूम हाच कायदा होता.

आज कोणाच्या घरचा पोरगा ठाण्यात नेला तर घरचे दोन गोष्टी विचारतात. कशासाठी नेला? आणि कोर्टात कधी उभा करणार? हे विचारायचा हक्क संविधानाच्या कलम २२ मध्ये लिहिला आहे. तो तिथं आणणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मतं मागायला आले होते. आपण त्यांना पाडलं. ती गोष्ट पुढे येईलच.

१४ एप्रिल १८९१ ला महू छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमराव जन्मले. शाळा, न्यूयॉर्क, लंडन हा प्रवास गावातल्या लहान मुलालाही पाठ आहे, म्हणून तो इथं पुन्हा सांगत नाही. १९२३ पासून ते मुंबईत वकिली करू लागले, आपल्याला तिथून सुरुवात करायची आहे. सरकारची ताकद आणि माणसाचा हक्क यांची ओढाताण त्यांनी आधी कोर्टात पाहिली, नंतर कायदेमंडळात.

महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे. २० मार्च १९२७ ला ते तिथलं पाणी प्यायले. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात काय झालं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. पुन्हा सत्याग्रह ठरला, माणसं हजारोंनी जमली. त्याआधीच विरोधकांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. लोक भडकलेले होते, तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांची समजूत काढली आणि तळ्यावर जाणं थांबवलं. अनेकांना ही माघार वाटली असणार. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. सरकारी अधिकारी उघड विरोधात नव्हते, महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला होता. कोर्टाचा हुकूम मोडला तर लोक तुरुंगात गेले असते आणि विरोधकांचं काम आपोआप झालं असतं. मग खटला चालला, थोडाथोडका नाही, जवळपास दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. एका दिवसाचा मोर्चा पेपरात येतो, दहा वर्षांच्या तारखा कोणी मोजत नाही.

म्हणून ते नेहमी सरकारचं ऐकत, असंही नाही. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कामगारांच्या संपावर बंधनं घालणारं विधेयक आणलं. बेकायदा ठरलेल्या संपासाठी शिक्षा होती. आंबेडकर तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. त्यांचा मुद्दा सरळ होता : काम सोडायचा हक्क नसेल तर मजूर आणि गुलाम यात फरक काय? सभागृहात ते बोलले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला ज्या कम्युनिस्टांशी त्यांचं पटत नव्हतं त्यांच्यासोबत एक दिवसाचा संपही केला. विधेयक पास झालंच.

आता संविधान सभा. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्यापुढे सगळ्यात अवघड प्रश्न आला तो माणसाला आत टाकण्याचा. आधीच्या मसुद्यात अमेरिकेसारखी तरतूद होती : कोणाचं स्वातंत्र्य काढायचं तर प्रक्रिया न्याय्य आहे की नाही हे कोर्ट तपासेल. ती काढली गेली. त्या जागी आलं की कायद्याने जी पद्धत ठरवली असेल तिच्याप्रमाणे झालं म्हणजे पुरे. म्हणजे बहुमताने कसाही कायदा केला तरी कोर्टाचे हात बांधलेले. डिसेंबर १९४८ च्या चर्चेत बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभेवर सोडला. पण ही गोष्ट त्यांना टोचत राहिली. सप्टेंबर १९४९ मध्ये ते नवीन कलम घेऊन उभे राहिले. सुटलेलं काहीतरी भरून काढायचं आहे, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं.

तेच आजचं कलम २२. अटकेचं कारण लवकरात लवकर सांगायचं. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. टीकाकार म्हणाले, हे तर जुन्या फौजदारी कायद्यात आहेच, नवीन काय दिलं? बाबासाहेबांचं उत्तर असं की साधा कायदा विधानसभा उद्या बदलू शकते, संविधानात गेलेली गोष्ट तिला काढता येत नाही.

पण याच कलमाचा दुसरा भाग आहे, आणि तो लपवून चालणार नाही. गुन्हा घडण्याआधीच माणसाला स्थानबद्ध करायची मुभा त्यातच आहे. फाळणीच्या दंगली, गांधीजींचा खून, तेलंगणातला सशस्त्र उठाव हे सगळं ताजं होतं, आणि देश टिकवायला अशी ताकद लागू शकते हे बाबासाहेबांनी मान्य केलं. त्यांनी तिला दोरी बांधली : सल्लागार मंडळाने पुरेसं कारण आहे असं म्हटल्याशिवाय साधारण तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. सभेतल्या अनेकांना ही दोरी फार सैल वाटली. मलाही वाटते. आज आपण बातमीत अमुक इसम एमपीडीएखाली स्थानबद्ध असं वाचतो, ती वाट इथूनच निघते. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, तेव्हाही वाद हाच होता : ताकद किती आणि दोरी किती. काढून टाकलेला न्याय्य प्रक्रियेचा विचार मात्र १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेनका गांधी खटल्यात परत आणला. तोवर बाबासाहेबांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

१९५१ मध्ये कायदामंत्री असताना भाषणस्वातंत्र्यावर बंधनं वाढवणारी पहिली घटनादुरुस्ती त्यांच्याच सरकारने आणली. बंधन वाजवी असलं पाहिजे हा शब्द त्यात राहावा, म्हणजे कोर्टाला तपासता येईल, यासाठी ते अडून बसले. तो शब्द राहिला. त्याच वर्षी हिंदू कोड बिलावरून त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५२ ची लोकसभा मुंबईत हरले.

मग मे १९५४, भंडारा. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब, समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. तब्येत खालावलेली, त्यात वैशाखाचं ऊन. जिल्ह्यात अजून सांगितलं जातं की कार्यकर्त्यांनी त्यांना एक युक्ती सुचवली होती : आपल्या लोकांनी एकच मत द्यावं, दुसरं कुजवावं, म्हणजे बाबासाहेब निघतील. संविधान लिहिणाऱ्यानेच लोकांना मत वाया घालवायला सांगायचं का, म्हणून त्यांनी ते नाकारलं, असं ती मंडळी सांगतात.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि दिल्लीला राज्यसभेत आपल्या जागेवर परत गेले.