वायर न लावता कारमध्ये फोन चार्ज कसा होतो? उत्तर शोधणारा होता पुस्तके बांधणारा एक मुलगा

मुखेडहून नरसीमार्गे नांदेडला निघालेली नवी कार. गिअरजवळच्या पॅडवर फोन ठेवला की चार्जिंगची खूण दिसते. समोरच्या स्क्रीनवर नकाशा उघडतो, घरून आलेला कॉल कारच्या स्पीकरवर ऐकू येतो. वायर एकही नाही.

या सोयींचा माग काढत गेले की वाट एकाच माणसापाशी पोहोचते. त्याचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते आणि उच्च गणित तो कधीच शिकला नव्हता. त्याचे नाव मायकल फॅरेडे.

कोण होते फॅरेडे?

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स येथे मायकलचा जन्म झाला. वडील जेम्स लोहारकाम करत, पण प्रकृती साथ देत नसल्याने काम नियमित होत नसे. घरात कायम ओढाताण. लिहिणे, वाचणे आणि थोडी आकडेमोड एवढ्यावर मायकलची शाळा संपली.

वयाच्या १३ व्या वर्षी, १८०४ मध्ये, जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात तो पोऱ्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी तिथेच पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढू लागला. ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरचे पुस्तक वाचून त्याला विज्ञानाची गोडी लागली. मिळेल त्या साहित्यातून त्याने स्वतःची छोटी बॅटरीही तयार केली.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका ग्राहकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकलने चार व्याख्यानांची आकृत्यांसह टिपणे काढली, ती सुमारे ३०० पाने स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये त्याला तिथे प्रयोगशाळा सहायकाची नोकरी मिळाली.

नोकरी मिळाली, मान मात्र नाही

त्याच वर्षी डेव्हींसोबत फॅरेडे युरोपच्या दौऱ्यावर गेले. त्यांना वैज्ञानिक सहायकाबरोबर नोकराची कामेही करावी लागली. डेव्हींच्या पत्नी त्यांना घरगड्यासारखे वागवत.

१८२१ मध्ये फॅरेडे यांनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवली. आजच्या प्रत्येक मोटरचे हे मूळ. मात्र विल्यम वोलास्टन यांची कल्पना उचलल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव आले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. तरीही फॅरेडे निवडून आले. पुढची काही वर्षे भिंगांसाठीच्या काचेच्या संशोधनात गेली आणि विजेचे काम मागे पडले. १८२९ मध्ये डेव्हींचे निधन झाले.

२९ ऑगस्ट १८३१ ला काय घडले?

फॅरेडे यांनी लोखंडाचे एक जाड कडे घेतले. त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही चिकटलेल्या नव्हत्या. एक वेटोळे बॅटरीला जोडले, दुसऱ्याजवळ वीज ओळखणारी सुई ठेवली.

बॅटरी जोडताच सुई हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी काढताच ती उलट दिशेने हलली. मधल्या काळात वीज वाहत असूनही सुई जागची हलली नाही. याचा अर्थ, वीज नुसती वाहून भागत नाही. ती बदलली, तरच शेजारच्या तारेत परिणाम दिसतो.

कारमधील चार्जिंग पॅड याच तत्त्वावर चालते. पॅडमध्ये एक वेटोळे असते, दुसरे फोनच्या मागच्या बाजूला. पॅडमधील विजेची दिशा सेकंदाला लाखाहून अधिक वेळा उलटसुलट होते, त्यामुळे फोनच्या वेटोळ्यात वीज तयार होते. दोन वेटोळ्यांत अंतर पडले, कव्हर जाड असले किंवा फोन वळणावर सरकला, तर बरीच ऊर्जा उष्णतेत वाया जाते. फोन तापतो, चार्जिंग मंदावते. होल्डरसाठी फोनमागे चिकटवलेली लोखंडी पट्टीही अडथळा ठरते.

वायरने चार्ज केला तरी फॅरेडे सुटत नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर करून वीज मिळवली, मग चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून सतत वाहणारी वीज तयार केली. पेट्रोल-डिझेल कारमधील अल्टरनेटर हेच करतो. इंजिनच्या पट्ट्यावर चुंबक फिरतो, भोवतीच्या वेटोळ्यांत वीज तयार होते आणि ती १२ व्होल्टची बॅटरी भरते. यूएसबी पोर्ट त्याच विजेचा दाब फोनला झेपेल इतका कमी करतो.

लिथियम-आयन बॅटरीतील ‘आयन’ हा शब्दही फॅरेडे यांनीच १८३४ मध्ये रूढ केला.

ब्लूटूथशी संबंध काय?

चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की तो वक्र रेषांमध्ये मांडला जातो. या रेषा फॅरेडे यांना खऱ्या वाटत. चुंबकाचा परिणाम भोवतालच्या जागेतून पसरतो, असे त्यांचे मत होते. समीकरणे नसल्यामुळे अनेक गणितींनी ते मनावर घेतले नाही. १८४६ मध्ये प्रकाश म्हणजे या रेषांमधील कंपने असू शकतात, असा अंदाजही त्यांनी मांडला.

१८६० च्या दशकात जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी या कल्पनेला गणित दिले. १८८० च्या दशकात हाइनरिख हर्ट्‌झ यांनी अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात त्यांचे जाहीर प्रात्यक्षिक केले.

आज फोन आणि कार याच लहरींतून बोलतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलू शकते, म्हणून आसपास इतर फोन असूनही कॉल तुटत नाही. वायरलेस अँड्रॉइड ऑटोमध्ये ब्लूटूथने ओळख पटते, नकाशा आणि गाणी वाय-फायवरून जातात. हे काम आणि पॅडवरचे चार्जिंग एकाच वेळी चालले की फोन जास्त तापतो. उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासात वायर बरी, ती यामुळेच.

विजा कडकडताना कार सुरक्षित का?

१८३६ मध्ये फॅरेडे यांनी १२ फूट लांबी-रुंदी-उंचीचा पिंजरा उभारला, त्यावर विजेचा भार सोडला आणि स्वतः उपकरणांसह आत बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत काहीच जाणवले नाही. वीज धातूच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच राहिली.

मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. अशा वेळी पत्र्याचे छप्पर असलेली बंद कार संरक्षण देते, ते टायरमुळे नव्हे, तर धातूच्या सांगाड्यामुळे. काचा वर ठेवाव्यात, धातूच्या भागांना आणि चार्जिंगच्या वायरला लावलेल्या फोनला हात लावू नये. दुचाकी किंवा उघड्या ट्रॅक्टरवर हे संरक्षण मिळत नाही.

शेवटची वर्षे

१८४० च्या सुमारास फॅरेडे यांची प्रकृती ढासळली, पुढे स्मरणशक्तीही दगा देऊ लागली. तरी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून सुरू असलेल्या नाताळातल्या व्याख्यानांत ते मुलांना विज्ञान समजावत राहिले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा नाकारले, ‘सर’ ही पदवीही घेतली नाही.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन नको, ही त्यांची इच्छा होती. लंडनमधील हायगेट येथे साध्या दगडाखाली त्यांना पुरण्यात आले.

दोन वेटोळी गुंडाळलेले ते लोखंडी कडे आजही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवले आहे. पुस्तकबांधणी करणाऱ्या पोराने स्वतः बांधलेली ती टिपणांची वहीही तिथेच आहे.