याकोप वाकरनागेल

याकोप वाकरनागेल (जन्म : बासेल, ११ डिसेंबर १८५३, मृत्यू : बासेल, २२ मे १९३८) हे स्विस भाषाशास्त्रज्ञ व संस्कृतचे अभ्यासक होते. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी का येते, याचे उत्तर त्यांनी वैदिक स्वरांच्या आधारे शोधले.

जीवन

त्यांचे वडील विल्हेल्म हे बासेल विद्यापीठात जर्मन भाषा-साहित्याचे प्राध्यापक होते. याकोप यांनी ग्यॉटिंगन येथे टेओडोर बेन्फाय यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. १८७९ साली फ्रीडरिश नीत्शे यांनी प्रकृतीच्या कारणास्तव बासेलचे प्राध्यापकपद सोडल्यावर त्या जागी त्यांची नेमणूक झाली. १९०२ मध्ये ते ग्यॉटिंगनला गेले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली बासेलला परतले.

वाकरनागेल यांचा नियम

१८९२ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे शंभर पानांच्या निबंधात त्यांनी ग्रीक, संस्कृत, लॅटिन आदी भाषांतील उदाहरणांवरून दाखवले, की आघातहीन लहान शब्द वाक्यातील पहिल्या शब्दानंतर येतात. हा नियम आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. संस्कृतातील 'च', 'वा', 'तु' ही अव्यये वाक्यारंभी येत नाहीत, हे त्याचे परिचित उदाहरण होय.

निबंधाच्या अखेरीस ते जर्मनकडे वळले. 'तो आज येतो' हे जर्मनमध्ये 'एर कॉम्ट हॉइटे' असे होते. क्रियापद 'कॉम्ट' दुसऱ्या स्थानी असते. 'कारण' या अर्थाचा 'वाइल' आधी आला, की 'वाइल एर हॉइटे कॉम्ट' असे होऊन क्रियापद शेवटी जाते. वैदिक भाषेत प्रधानवाक्यातील क्रियापद सामान्यतः अनुदात्त, तर गौणवाक्यातील स्वरयुक्त असते. पाणिनीनेही हा भेद नोंदवला आहे. त्यावरून, मूळ भाषेतील आघातहीन क्रियापद दुसऱ्या स्थानी सरकले व आघातयुक्त क्रियापद शेवटी राहिले, असे अनुमान वाकरनागेल यांनी मांडले.

या अनुमानाबद्दल मतभेद आहेत. वैदिक भाषेत आघातहीन क्रियापदही बहुधा वाक्याच्या शेवटीच आढळते. डेन्मार्कमधील गालेहुस येथील सोन्याच्या शिंगावरील प्राचीन लेखातही प्रधानवाक्याचे क्रियापद शेवटी आहे. त्यामुळे जर्मनमधील हा भेद नंतरच्या काळात घडला, असे अनेक अभ्यासक मानतात. आघातहीन शब्दांविषयीचा मूळ नियम मात्र आजही भाषाशास्त्रात पायाभूत मानला जातो.

ग्रंथ

'आल्टइंडिशे ग्रामाटिक' या त्यांच्या संस्कृत व्याकरणाचा पहिला खंड १८९६ मध्ये निघाला. त्यांच्या हयातीत अपूर्ण राहिलेले हे काम आल्बर्ट डेब्रुनर यांनी पुढे नेले.