वादळाचा माग काढणारे फुजिता

टोर्नेडोची तीव्रता ज्यांच्या नावाच्या मापाने मोजली जाते, त्या तेत्सुया फुजिता यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पहिला टोर्नेडो पाहिला तो १२ जून १९८२ रोजी, अमेरिकेत डेन्व्हरजवळ. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. ‘मिस्टर टोर्नेडो’ हे नाव त्यांना त्याच्या कितीतरी आधी चिकटले होते! मला या माणसाविषयी कुतूहल वाटते ते यामुळेच. वादळ येऊन गेले की हे गृहस्थ तिथे पोहोचत आणि आडवी झालेली झाडे, उडालेली छपरे, शेतात उमटलेले ओरखडे पाहून ते कुठून आले, कुठे वळले, किती जोराचे होते ते सांगत. आपल्याकडे गावचे जागले पावलांवरून चोराचा माग काढत, तसे.

चैत्र-वैशाखात अंगणातला पाचोळा गरगर फिरवत नेते ती आपली वावटळ. टोर्नेडो म्हणजे मोठी वावटळ नव्हे. वावटळ तापलेल्या जमिनीवरून वर उठते. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून सोंडेसारखा खाली उतरतो. आपल्या किनाऱ्यावरचे चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असते, त्याची वर्दी दोन-तीन दिवस आधी लागते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचे. म्हणूनच त्याच्यापासून माणसे वाचवायची कशी, हा प्रश्न फार अवघड.

फुजितांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० चा, जपानच्या क्यूशू बेटावरचा. वडील शाळामास्तर. मुलाचा ओढा हिरोशिमाच्या कॉलेजाकडे होता. पण आजारी वडिलांनी घराजवळच्या मेइजी तंत्रमहाविद्यालयात जाण्यास सांगितले आणि मुलाने ऐकले. पुढे ते तिथेच शिकवू लागले. हे कॉलेज कोकुरा शहरालगत होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबॉम्ब कोकुरावरच पडायचा होता. शहरावर ढग आणि धूर होता, नेम धरता येईना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. वडिलांच्या शब्दाने आणि ढगांच्या कृपेने वाचलेला हा तरुण महिन्याभरात त्या दोन्ही उद्ध्वस्त शहरांत पाहणीसाठी गेला. नागासाकीच्या स्मशानभूमीत फुले ठेवायच्या बांबूच्या नळ्या एका बाजूने करपल्या होत्या. त्या करपण्याच्या कोनांवरून त्याने बॉम्ब किती उंचीवर फुटला याचे गणित मांडले. स्फोटाच्या जागेखाली उभ्या राहिलेल्या आणि तिच्याभोवती चांदणीच्या किरणांसारख्या चहूदिशांनी आडव्या झालेल्या खांबाझाडांचे चित्र त्याच्या मनात कायमचे बसले.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये एका डोंगरावरच्या वेधशाळेत गडगडाटी वादळाच्या नोंदी तपासताना त्यांच्या लक्षात आले, की अशा ढगातून थंड हवा खाली कोसळते. तिथल्या अमेरिकन रडार केंद्राच्या केराच्या टोपलीत याच विषयावरचा एक अमेरिकन अहवाल सापडला. लेखक होते शिकागो विद्यापीठाचे होरेस बायर्स. फुजितांनी टंकलेखन यंत्र घेतले, आपला निबंध इंग्रजीत उतरवून बायर्सना धाडला, आणि १९५३ साली शिकागोचे बोलावणे आले. त्याच वर्षी अमेरिकेत टोर्नेडोंनी पाचशेहून अधिक माणसे मारली होती.

२० जून १९५७ रोजी फार्गो शहरावर टोर्नेडो आला, तेव्हा लोकांनी घराघरांतून त्याची छायाचित्रे टिपली. फुजितांनी ती दीडशेच्या वर जमवली, प्रत्येक छायाचित्र कुठे उभे राहून घेतले ते जाग्यावर जाऊन मोजले आणि त्या वादळाचा मिनिटामिनिटाचा प्रवास मांडला. ढगाच्या तळाशी लोंबणाऱ्या, टोर्नेडो ज्यातून उतरतो त्या भागाला त्यांनी ‘वॉल क्लाउड’ हे नाव दिले. ढगांवर पाळत ठेवणारे स्वयंसेवक आजही आधी तोच शोधतात.

१९७१ साली त्यांनी ‘एफ’ मोजपट्टी मांडली, एफ-शून्यापासून एफ-पाचापर्यंत. घराची कौले उडाली की पाया तेवढा उरला, यावरून वाऱ्याचा अंदाज. त्यांनी धरलेले वरच्या पायऱ्यांचे वेग फाजील होते, हे पुढे अभियंत्यांनी दाखवून दिले आणि २००७ पासून अमेरिकेत सुधारित पट्टी आली. पण मूळ कल्पना तीच राहिली, नावही राहिले.

मग आला ३ एप्रिल १९७४. दोन दिवसांत १४८ टोर्नेडो, तेरा राज्ये, तीनशेहून अधिक मृत्यू. ओहायोतल्या झीनिया गावात हायस्कूलची काही मुले रंगमंचावर नाटकाची तालीम करत होती. ढग दिसताच ती आतल्या बोळात पळाली आणि जमिनीला चिकटून राहिली. थोड्याच वेळात शाळेची एक बस उडून त्याच रंगमंचावर येऊन पडली. मुले वाचली. शेजारच्या विल्बरफोर्समधल्या सेंट्रल स्टेट विद्यापीठाच्या इमारतीही त्याच टोर्नेडोने मोडल्या. फुजिता आणि त्यांचे सहकारी छोट्या विमानांतून हजारो मैल फिरले आणि प्रत्येक टोर्नेडोची वाट नकाशावर आखली. या हवाई पाहणीत वेस्ट व्हर्जिनियात त्यांना जंगलातली झाडे एका बिंदूभोवती चांदणीसारखी आडवी झालेली दिसली. हे चित्र त्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी पाहिले होते! टोर्नेडोत झाडे पिळवटून पडतात. इथे मात्र वरून काहीतरी आदळले होते.

पुढच्याच वर्षी २४ जूनला न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक बोइंग वादळात कोसळले आणि ११३ माणसे गेली. ढगातून कोसळणारी हवा जमिनीवर आपटून पसरते आणि तीच विमान खाली ओढते, असे फुजितांनी मांडले. बरीच तज्ज्ञ मंडळी म्हणाली, हे भलतेच. १९७८ साली डॉपलर रडारने ती हवा पकडली. तरीही १९८५ मध्ये डॅलसला १३७ जीव गेल्यावरच विमानतळांवर खास रडार बसवण्याच्या कामाला वेग आला. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते. आज आपण विमानात निर्धास्त डुलकी काढतो त्यात फुजितांचाही वाटा आहे.

माझी भाची सध्या कॅन्ससमधल्या एका विद्यापीठात शिकते. तिकडे ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत करायची नसते. ‘वॉच’ म्हणजे हवा तशी आहे, सावध राहा. ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला किंवा रडारवर उमटला, आता हला. १९६५ च्या पाम संडेला अडीचशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा सूचनांचा घोळ लक्षात येऊन हे शब्द पक्के झाले. हाताशी असतात फार तर आठ-दहा मिनिटे. भोंगा वाजला की वसतिगृहातली मुले तळघरात किंवा सर्वांत खालच्या मजल्यावरच्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत जातात, गुडघ्यांवर बसून डोके झाकतात. दाब कमी व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात असे पूर्वी सांगत. ते चुकीचे ठरले. भिंती दाबाने फुटत नाहीत, वारा आत शिरून छप्पर उचलतो. माझ्या बहिणीने हे सगळे वहीत लिहून फोनजवळ ठेवले आहे, जणू टोर्नेडो नागपुरातच यायचा आहे!

५ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी टेनेसीतल्या युनियन विद्यापीठाची वसतिगृहे टोर्नेडोने अक्षरशः चिरडली. इशारा आधी मिळाला होता, मुलांना खालच्या मजल्यांवर, न्हाणीघरांत नेले होते. काही ढिगाऱ्याखाली अडकली, पन्नासच्या आसपास इस्पितळात गेली. मेले कोणीही नाही. वादळाला ईएफ-चार ही श्रेणी मिळाली.

ते पाहायला फुजिता नव्हते. १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले होते. त्यांची कागदपत्रे, हाताने रंगवलेले नकाशे आणि छायाचित्रांचे गठ्ठे टेक्सास टेक विद्यापीठात ठेवले आहेत. हे विद्यापीठ लबक शहरात आहे. ११ मे १९७० रोजी तिथे टोर्नेडोने सव्वीस माणसे मारली होती, आणि दगडविटांतला पुरावा वाचायला फुजिता तेव्हाही तिथे जाऊन आले होते.