लोकनायक बापूजी अणे

यवतमाळ जिल्ह्यातील वणी या गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. पुढे सारा वऱ्हाड त्यांना बापूजी म्हणू लागला. घरी संस्कृत विद्येची परंपरा होती; इंग्रजी उच्च शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. काही काळ शिक्षकाचे काम करून ते यवतमाळास वकिली करू लागले. लोकमान्य टिळकांवर त्यांची अढळ निष्ठा होती.

टिळकांच्या पश्चात गांधीजींचे युग आले. बापूजींना गांधीजींविषयी आदर होता, परंतु त्यांचे सर्वच मार्ग पटत नसत. तरीही सत्याग्रहाची हाक येताच ते मागे राहिले नाहीत. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. पुढे १९३४ मध्ये जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद झाला, तेव्हा पंडित मालवीयांसह त्यांनी काँग्रेसमधील आपली जागा सोडली.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. हिंदुस्थानच्या लोकांस न विचारता व्हाइसरॉयने देश युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. याच्या निषेधार्थ प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नागपुरात पंडित रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळही पायउतार झाले. अशा वेळी, १९४१ मध्ये, बापूजींनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारले! अनेक जुन्या सहकाऱ्यांस ते रुचले नाही. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. हे खाते नावापुरते नव्हते. १९४२ मध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले आणि लाखो हिंदी माणसे रानावनांतून, डोंगर ओलांडीत मायदेशी निघाली. वाटेत रोगाने व उपासमारीने असंख्य लोक दगावले. या निर्वासितांचा भार त्यांच्या खात्यावर होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोकांचा उठाव झाला. तो दडपताना सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीस गेले आणि बापूजींच्याच घरी उपोषणास बसले. सरकारने त्यांना पकडून परत पाठविले. चिमूर म्हणजे बापूजींच्या वणीचा शेजार. ज्या सरकारात आपण बसलो आहोत, त्याच सरकारविरुद्ध आपल्या मुलखातील गाऱ्हाणे आपल्याच दारी यावे, हा प्रसंग किती अवघड असेल!

१० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते. आठवड्याच्या आत प्रकृती चिंताजनक झाली. त्यांना बिनशर्त मुक्त करण्यास सरकार तयार नव्हते. बापूजींपुढे एकीकडे निर्वासितांचे काम होते, तर दुसरीकडे गांधीजींच्या प्राणाचा प्रश्न होता. त्यांना कैदेत ठेवण्याच्या निर्णयाची जबाबदारी मंडळात राहणाऱ्या प्रत्येकावर येणार होती. १७ फेब्रुवारीस बापूजी, सर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार हे तिघे मंडळातून बाहेर पडले. ज्यांच्याशी आयुष्यभर वाद घातला, त्यांच्यासाठी बापूजींनी अधिकार सोडला. सरकारने मात्र धोरण बदलले नाही. गांधीजी उपोषणातून सुदैवाने वाचले. ३ मार्च रोजी त्यांनी ते सोडले.

त्याच वर्षी बापूजी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिंहलद्वीपास गेले. यावरही टीका झाली. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. १९६२ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, नागपूरच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले. स्वतंत्र विदर्भाचा त्यांचा आग्रह तेव्हाही तसाच होता.

या सगळ्या धकाधकीतही त्यांनी संस्कृतची उपासना सोडली नाही. टिळकांचे चरित्र त्यांनी हजारो संस्कृत श्लोकांत रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या ‘तिलकयशोऽर्णव’ या ग्रंथास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा तो स्वीकारण्यास ते हयात नव्हते.