बर्फावरचा स्टोव्ह

पंपाचा स्टोव्ह आपल्या घरांतून केव्हाच उतरला आणि माळ्यावर चढला. पितळी टाकी, तीन पाय, बाजूला पंप, चावी, आणि काडेपेटीशेजारी ठेवलेली ती पत्र्याची पिन. ज्यांची सकाळ त्याच्या भरभर आवाजाने होत असे, त्यांना ‘प्रायमस’ हे नाव आठवत असेल. हे नाव स्वीडनचे. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने 1892 साली हा स्टोव्ह बनवला. ब्लोलॅम्पची आडवी ज्योत त्याने उभी केली, आणि वातीवाचून, काजळीवाचून जळणारे रॉकेल जगाला मिळाले. पण या स्टोव्हची खरी परीक्षा एखाद्या स्वयंपाकघरात झाली नाही. ती घेतली फ्रिट्यॉफ नान्सेनने, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, उणे चाळीस अंशांत. नान्सेन म्हटले की आपल्याला निर्वासितांचा कैवारी आणि शांततेचे नोबेल आठवते. त्याच्या आयुष्यात या स्टोव्हला जी जागा आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

नान्सेनचा जन्म 10 ऑक्टोबर 1861 रोजी ख्रिस्तियानियाजवळ, म्हणजे आजच्या ऑस्लोजवळ झाला. स्कीइंगमध्ये पटाईत, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ. विशीतच तो सीलच्या शिकारी जहाजावरून ग्रीनलंडच्या समुद्रात जाऊन आला. मग बर्गनच्या संग्रहालयात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आणि मज्जापेशींच्या रचनेवर प्रबंध लिहिला. डोळ्यांसमोर मात्र ग्रीनलंडचा बर्फच होता. 1888 साली प्रबंधाची तोंडी परीक्षा उरकली आणि अवघ्या काही दिवसांत तो पाच सोबत्यांसह ग्रीनलंड ओलांडायला निघाला.

त्याची योजना ऐकून जाणत्यांनी डोक्याला हात लावला. ग्रीनलंडचा पश्चिम किनारा वस्तीचा, पूर्व किनारा जवळजवळ ओसाड. शहाणा माणूस वस्तीकडून निघेल, म्हणजे माघार घेता येईल. नान्सेन ओसाड बाजूने निघाला. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले असे आपण सांगतो; याने ते चढण्याआधीच कापून ठेवले. पुढे गेलो तरच जगू, हा हिशेब. सहाही जण ऑक्टोबरात पलीकडच्या वस्तीवर सुखरूप पोहोचले.

पण त्या प्रवासात एक गोष्ट त्याला सलत राहिली, ती म्हणजे तहान. चहूकडे बर्फ, आणि प्यायला पाणी नाही! हे ऐकायला विचित्र वाटते खरे. पण बर्फ खाऊन तहान भागत नाही, उलट अंगातली ऊब जाते. बर्फाचे पाणी करायला इंधन लागते आणि इंधन स्वतःच्या पाठीवर ओढावे लागते. ग्रीनलंडमध्ये त्याच्याकडे स्पिरिटवर चालणारी चूल होती आणि तिच्यातून जेमतेम पाणी निघे. ध्रुवप्रदेशात चूल विझली तर माणूस आधी तहानेने खचतो, भूक आणि थंडी मागाहून येतात, हे नान्सेनने तिथे अंगावर काढले.

म्हणून पुढच्या मोहिमेची तयारी करताना त्याने या चुलीवर एखाद्या प्रयोगशाळेत बसावे तसा विचार केला. वजनाला वजन धरले तर रॉकेल स्पिरिटच्या सुमारे दीडपट उष्णता देते, पण ते पूर्ण जळले तर. वातीवर ते पूर्ण जळत नाही; काजळी होते ती म्हणजे वाया गेलेले इंधनच. प्रायमसमध्ये टाकीतल्या हवेच्या दाबाने रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढते, तिथे त्याची वाफ होते आणि ती बारीक भोकातून जोराने बाहेर पडून हवेशी मिसळते. निळी ज्योत, काजळी नाही. रॉकेल गोठेल की काय अशी नान्सेनला धास्ती होती. तरी त्याने तेच निवडले. तेव्हा हा स्टोव्ह बाजारात येऊन जेमतेम वर्ष झाले होते.

मग त्यावर ठेवायचे भांडेही त्याने स्वतः आखले. मधल्या भांड्यात अन्न शिजायचे, त्याच्याभोवती कड्यासारख्या दुसऱ्या भांड्यात बर्फ वितळायचा आणि झाकणावरच्या पसरट ताटात आणखी बर्फ. ज्योतीची गरम हवा मधल्या भांड्याला वेढून वर जायची, ताटाखालून फिरून बाहेरच्या बाजूने उतरायची आणि मगच सुटायची. आपल्याकडे बंबाच्या नळकांड्याभोवती पाणी तापते, त्याच जातीची ही युक्ती. फक्त इथे एकही कढ वाया जाऊ द्यायचा नाही हा हट्ट. ‘नान्सेन कुकर’ या नावाने हे भांडे पुढे ध्रुवावर जाणाऱ्या कित्येकांच्या सामानात गेले.

मोहीमही अशीच अजब होती. सैबेरियाजवळ 1881 मध्ये बुडालेल्या ‘जीनेट’ जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. बर्फच वाहत आला असेल, तर त्यात जहाज मुद्दाम अडकवून घ्यावे आणि ध्रुवाजवळून वाहत जावे, असे नान्सेनने ठरवले. ‘फ्राम’ हे गोलसर बुडाचे जहाज त्यासाठी बांधले. बर्फाने दाबले की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. 1893 च्या जूनमध्ये फ्राम निघाले, बर्फात अडकले आणि वाहू लागले. पण ध्रुव बाजूला राहणार हे दिसताच 14 मार्च 1895 रोजी नान्सेन आणि ह्यालमार योहानसेन हे दोघेच 28 कुत्रे, तीन स्लेज आणि दोन कयाक घेऊन उतरले. जहाज वाहतच राहणार होते, म्हणजे परत तिथे येणे नाही. पुन्हा तेच, दोर कापणे!

त्या स्लेजवर सुमारे 20 लिटर रॉकेल होते. दोन माणसांना दोन वेळचे गरम जेवण आणि भरपूर पाणी, एवढ्यावर ते सुमारे 120 दिवस पुरले. ज्या कोणी रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा धरला आहे, त्याने हा हिशेब करून पाहावा. दिवसाला लिटरचा सहावा हिस्सा!

मुक्कामाला योहानसेन कुत्र्यांचे बघे आणि नान्सेन तंबू ठोकून भांड्यात बर्फ भरे, स्टोव्ह पेटवी, जेवण रांधे. अंगातला घाम गोठून कपडे चिलखतासारखे झालेले. बाहीची गोठलेली कड मनगटाला घासून जखमा झाल्या, त्यांचे वण राहिले. दोघे एकाच झोपण्याच्या पिशवीत शिरून जेवण होण्याची वाट पाहत, आणि इतके थकलेले असत की घास तोंडाशी नेता नेता डोळा लागे, चमचा हातातून गळे. त्या तंबूत स्टोव्हचा आवाज चालू आहे म्हणजे पाणी होते आहे, एवढाच दिलासा असणार.

8 एप्रिलला ते 86 अंश 14 मिनिटांपर्यंत पोहोचले. तोवर एवढ्या उत्तरेला कोणी गेले नव्हते. तिथून वळले. पुढे बर्फ फुटत गेला, एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना खाऊ घालावा लागला. शेवटचे दोन उरले तेव्हा आपला कुत्रा आपल्या हाताने मारवेना, म्हणून दोघांनी एकमेकांचा मारला. रॉकेल वाचवायला उन्हाळ्यात ते चरबीवर चूल पेटवू लागले. एकदा तिचा असा भडका उडाला की तंबूला भोक पडले. हिवाळा त्यांनी फ्रांझ योसेफ लँडवर दगडांच्या एका बिळात काढला. स्लेजच्या पट्ट्यांचा पत्रा वाकवून दिवे केले, त्यांत वॉलरसच्या चरबीचे तेल आणि वात. आणि इतके दिवस जी टाळली, ती काजळी परत आली. दोघेही काळेकुट्ट झाले, कपडे सुरीने खरवडावे लागत. इतके महिने एका पिशवीत झोपणारी ही दोन माणसे एकमेकांना अहो-जाहो करत होती. अरे-तुरेवर आली ती 1895 सरता सरता. पुढे 17 जून 1896 रोजी इंग्रज संशोधक जॅक्सन बर्फावर समोर आला, तेव्हा काजळीने माखलेला हा मनुष्य कोण हे त्याला लगेच ओळखता आले नाही.

नान्सेन घरी परतला तो जगाचा नायक होऊन. योहानसेनचे तसे झाले नाही. नान्सेनच्या शब्दावरून त्याला अमुंडसेनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत जागा मिळाली, पण तिथे त्याचे अमुंडसेनशी वाजले, ध्रुवावर जाणाऱ्यांतून त्याला वगळले गेले आणि जानेवारी 1913 मध्ये त्याने आत्महत्या केली. चरित्रकार हा भाग चटकन उरकतात. नान्सेनच्या कीर्तीत त्याच्या सोबत्याचा वाटा निम्मा होता, असे निदान मला तरी वाटते.

त्याच दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीत जळणाचा प्रश्न पुन्हा जीवावर आला. 1912 मध्ये परतीच्या वाटेवर स्कॉटला साठ्याच्या ठिकाणी रॉकेलचे डबे भरले होते त्यापेक्षा कमी भरलेले मिळाले. बुचाखालच्या चामडी वॉशरांनी थंडीत दगा दिला आणि रॉकेल निसटले. अमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते.

चामडी वॉशर! ज्यांनी स्टोव्ह वापरला त्यांना हे सांगायला नको. पंप मारतोय पण हवा भरत नाही, म्हणजे वॉशर वाळला. काढा, तेलात भिजवा, कडा फाकवून पुन्हा बसवा. आज युरोप-अमेरिकेत आणि थोडेफार आपल्याकडेही जुने स्टोव्ह जमवून पुन्हा पेटते करणारे हौशी आहेत, त्यांचे काम इथूनच सुरू होते. मग पंपाच्या तळाची झडप, बर्नरखालचा शिशाचा वॉशर, आत साठलेला कार्बन. टाकी सायकलच्या ट्यूबसारखी पाण्यात बुडवून बुडबुडे पाहायचे. प्रायमसच्या कारखान्याने 1911 पासून टाकीवर वर्षाचे अक्षर ठोकायला सुरुवात केली, त्यावरून वय कळते. नीट निगा राखलेला स्टोव्ह शंभर वर्षांनीही निळा पेटतो. आपल्याकडे स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून आल्या. त्यांतल्या किती सुनांचे मरण या मुक्या यंत्राच्या माथी मारले गेले, हा विषय वेगळा.

नान्सेनच्या उत्तरायुष्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. नॉर्वे 1905 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो लंडनला राजदूत म्हणून गेला. तिथे असतानाच 1907 मध्ये पत्नी एव्हा गेली. महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने सोपवले म्हणून चार लाखांहून अधिक युद्धकैदी त्याने घरी पोहोचवले. 1921 मध्ये व्होल्गाकाठी दुष्काळ पडला, तेव्हा सरकारांनी कर्ज नाकारले. हा साठीचा माणूस गावोगाव व्याख्याने देत, भुकेल्यांची छायाचित्रे दाखवत पैसे गोळा करत हिंडला. देश गमावलेल्यांना त्याच्या नावाचा पासपोर्ट मिळाला. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल हे त्या कागदावर जगले. 1922 चे नोबेल मिळाले, ती रक्कमही मदतीतच गेली. भूक म्हणजे काय, हे त्याला कोणाच्या अहवालातून समजून घ्यावे लागले नव्हते.

13 मे 1930 रोजी लिसाकरच्या आपल्या घरी नान्सेन वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, क्विट्योया या बेटावर आंद्रे आणि त्याच्या दोन सोबत्यांचा तळ सापडला. ते तिघे 1897 मध्ये बलूनमधून ध्रुवाकडे निघाले होते आणि 33 वर्षे बेपत्ता होते. त्यांच्या सामानात एक प्रायमस होता. टाकीत रॉकेल अजून शिल्लक होते.