डॉग शोमधून एक कुत्रा विकत घेतला आणि या कॅप्टनने जर्मन शेफर्डची जात उभी केली

एप्रिल १८९९. जर्मनीतल्या कार्ल्सरुहे शहरात डॉग शो भरला होता. घोडदळातून निवृत्त झालेला एक कॅप्टन मित्रासोबत फिरत फिरत एका कुत्र्यासमोर येऊन थांबला. पिवळसर-करडा रंग, मध्यम बांधा, लांडग्यासारखं तोंड. कुत्र्याचं नाव हेक्टर लिंक्सराइन. कॅप्टनने तो तिथल्या तिथे विकत घेतला आणि त्याचं नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राथ ठेवलं.

आज जगात जेवढे जर्मन शेफर्ड आहेत त्यांच्या वंशावळीच्या वहीत पहिल्या नंबरवर हाच होरांड आहे. आणि तो कॅप्टन म्हणजे माक्स फॉन श्टेफानित्स.

श्टेफानित्सचा जन्म १८६४ चा, ड्रेस्डेनचा. घर खानदानी, त्यामुळे पोरगा लष्करात जाणार हे ठरलेलंच होतं. घोडदळात असताना त्याला काही काळ बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काम मिळालं. प्राण्याची हाडं कशी जुळलेली असतात, तो पळतो तेव्हा जोर कुठून येतो, हे सगळं तो तिथे शिकला.

पण खरं वेड लागलं ते रानात. लष्करी कवायतींच्या निमित्ताने फिरताना त्याने मेंढपाळांचे कुत्रे काम करताना पाहिले. मालकाच्या एका इशाऱ्यावर शेकडो मेंढरं वळवणारे. आपल्याकडे धनगराच्या कळपाबरोबर कुत्रा असतो, त्याचं मुख्य काम राखणीचं. जर्मनीत मात्र शेतं उघडी असायची. दोन पिकांच्या मधल्या पट्ट्यातून कळप न्यायचा आणि एकाही मेंढीला उभ्या पिकात तोंड घालू द्यायचं नाही, म्हणून कुत्रा दिवसभर त्या हद्दीवर येरझाऱ्या घालायचा. म्हणजे दम पाहिजे, डोकं पाहिजे आणि मालकाचं ऐकायची सवय पाहिजे.

अडचण अशी होती की प्रत्येक भागातला कुत्रा वेगळा दिसायचा. कुणाचे कान पडलेले, कुणाची शेपटी वळलेली. या सगळ्यांतून एक जात तयार करायची म्हणून १८९१ मध्ये फायलॅक्स नावाची संस्था निघाली होती. पण कुत्रा रूपावर निवडायचा की कामावर, यावरून तिथे भांडणं लागली आणि तीनेक वर्षांत संस्था बंद पडली.

श्टेफानित्सने हे सगळं बघून ठेवलं होतं. २२ एप्रिल १८९९ रोजी त्याने आर्थर मायर या मित्राला आणि इतर काही जणांना घेऊन जर्मन शेफर्ड कुत्र्यांची संस्था काढली आणि स्वतः अध्यक्ष झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. रूप हे कामाच्या पाठोपाठ येतं. जो कुत्रा दिवसभर न थकता चालतो त्याचा बांधा आपोआपच चांगला असतो.

मग दुसरीच पंचाईत झाली. जर्मनीत कारखाने वाढले, कुरणं आटली आणि मेंढ्या कमी झाल्या. ज्या कामावर ही जात उभी करायची ते कामच संपायला आलं. इथे श्टेफानित्सचं डोकं चाललं. त्याने पोलिसांचे आणि लष्कराचे दरवाजे ठोठावले, आणि कुत्र्यांसाठी परीक्षा सुरू झाल्या. वासावरून माग काढणं, आज्ञा पाळणं आणि संरक्षण करणं, अशा तीन भागांची जी परीक्षा पुढे जगभर गेली तिचं मूळ इथे आहे. त्यातला तिसरा भाग लोकांना आवडतो, कारण बाहीला लटकलेल्या कुत्र्याचा व्हिडिओ चालतो. पण खरी कसोटी त्यात पुढे आहे. सोड म्हटल्यावर कुत्रा सोडतो का?

पहिल्या महायुद्धात हे कुत्रे मोठ्या संख्येने वापरले गेले. १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला अंध सैनिकांसाठी वाटाड्या कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. युद्धानंतर अमेरिकेत रिन-टिन-टिन सिनेमात आला आणि जगभरातून मागणी सुरू झाली. ब्रिटनमध्ये तेव्हा जर्मन हा शब्दही नको होता, म्हणून तिथे नाव पडलं अल्सेशियन. आपल्याकडची जुनी माणसं अजूनही तेच म्हणतात.

मागणी वाढली की जे होतं ते इथेही झालं. लोक पिल्लं विकायला सुटले. कुत्रे उंच, चौकोनी आणि भित्रे व्हायला लागले. १९२२ पासून संस्थेने प्रजननाआधी प्रत्येक कुत्र्याचा बांधा आणि स्वभाव तपासणं सुरू केलं. १९२५ च्या मुख्य शोमध्ये श्टेफानित्स स्वतः परीक्षक होता. त्याने क्लोडो फॉन बॉक्सबेर्ग या तुलनेने बुटक्या आणि लांबट कुत्र्याला पहिलं केलं. परीक्षकाने कुणाला पहिला नंबर दिला, यावर पुढच्या दहा वर्षांतली पिल्लं कशी असतील हे ठरतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव, त्याच्यामागे शोवाल्यांनी हा कल फारच ताणला. पाठ मागे उतरती होत गेली. २०१६ साली ब्रिटनच्या क्रफ्ट्स शोमध्ये एका जर्मन शेफर्डला जातीतलं पहिलं बक्षीस मिळालं, आणि तिची चाल टीव्हीवर पाहून लोक भडकले. जर्मनीत मात्र मोठ्या कुत्र्याला मुख्य शोमध्ये उतरवायचं तर कामाची परीक्षा आजही लागते.

तुमच्या घरात जर्मन शेफर्ड असेल तर एवढं लक्षात घ्या, तो दिवसभर हद्दीवर चालणाऱ्या कुत्र्यांचा वंशज आहे. सकाळी दहा मिनिटं सोसायटीला चक्कर मारून तो दमत नाही. मग सोफा फाटतो. त्याला रोज थोडं शोधायला द्या, थांब आणि ये हे शब्द वेगवेगळ्या जागी शिकवा. महिनाभर ट्रेनरकडे ठेवून काम भागत नाही, कारण कुत्रा ट्रेनरचं ऐकायला शिकतो, तुमचं नाही.

नाझी सत्तेत आल्यावर कुत्र्यांच्या संस्थांवरही सरकारची पकड आली. छत्तीस वर्षं चालवलेली संस्था श्टेफानित्सला १९३५ मध्ये सोडावी लागली. पुढच्याच वर्षी तो गेला. तारीख होती २२ एप्रिल, संस्था काढली तीच.