सावित्रीबाईंची घरची पत्रे

घरच्या पत्रांत बहुधा दोनच विषय असतात, प्रकृती आणि पैसा. सावित्रीबाई फुले (१८३१–१८९७) यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रेही तशीच आहेत. निदान वरवर पाहता.

१० ऑक्टोबर १८५६ चे पत्र माहेरच्या नायगावचे. आजारातून त्या नुकत्याच सावरल्या होत्या. भावाने मनापासून शुश्रूषा केली; पण महार-मांगांना शिकवता म्हणून त्यानेच बोलही लावले. त्याला त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले. आणि पाहा, अशक्तपणातही त्यांना काळजी कोणाची? पुण्यात शाळा पाहणाऱ्या फातिमा शेख यांची. आपल्या गैरहजेरीने फातिमावर भार पडत असेल, पण ती कुरकुरणार नाही, हा त्यांचा भरवसा. पालकहो, या दोन ओळी मुलींना जरूर वाचून दाखवा.

पैशाची गोष्ट येते ती २० एप्रिल १८७७ च्या, जुन्नरजवळच्या ओतूरहून लिहिलेल्या पत्रात. तीही घरखर्चाची नव्हे. दुष्काळाने माणसे गावे सोडत होती, सावकार नाडत होते, आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांसाठी बाई कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना तोच रोग जडला. १० मार्चला त्या गेल्या.